फ्रँक हर्ली आणि बर्फाखालचे डबे

पावसाळ्यात कोकणात फिरून आलेल्या माणसांच्या तक्रारी ठरावीक असतात. समुद्राच्या लाटेत फोन भिजला, घरी येऊन तांदळाच्या डब्यात दोन दिवस पुरून ठेवला, चालूही झाला आणि महिन्याभरात बंद पडला. तांदूळ पाणी फारसे शोषत नाही आणि मीठ तर मुळीच शोषत नाही. पाणी उडून जाते, मीठ आत राहते. त्या मिठाने यंत्राचे काय होते हे समजून घ्यायचे तर फ्रँक हर्ली यांची गोष्ट सांगावी लागते. छायाचित्रे खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी हा माणूस अंटार्क्टिकाच्या बर्फाळ पाण्यात कमरेपर्यंत उघडा होऊन उतरला होता.

हर्ली यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1885 रोजी ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ग्लीब भागात झाला. वडील छपाईच्या धंद्यातले आणि कामगार संघटनेत काम करणारे, आई फ्रेंच घराण्यातली. शाळेत लक्ष नव्हते. तेराव्या वर्षी मुलगा घरातून पळाला आणि लिथगो गावच्या लोखंडाच्या कारखान्यात कामाला लागला. चरित्रलेखक हा प्रसंग उनाडपणा म्हणून सांगून पुढे जातात. मला मात्र हेच त्यांचे खरे शिक्षण वाटते. पत्रा कापणे, वाकवणे, जोडणे, कथील वितळवून सांधा बुजवणे ही कामे त्यांच्या हातात तिथे बसली आणि पुढे प्रत्येक संकटात तीच उपयोगी पडली.

सतरा-अठराव्या वर्षी त्यांनी पहिला कॅमेरा घेतला, साधा कोडॅक बॉक्स. किंमत पंधरा शिलिंग. तेवढे पैसे हातात नव्हते म्हणून आठवड्याला एक शिलिंग या हप्त्याने. पुढे सिडनीत एका भागीदाराबरोबर पोस्टकार्डांचा धंदा सुरू केला. त्या काळी चित्राची पोस्टकार्डे धडाक्याने खपत, पण स्पर्धाही तितकीच होती. गिऱ्हाइकाने थांबून पाहावे असे चित्र हवे म्हणून हर्ली खडकावर आदळणाऱ्या लाटेच्या अगदी जवळ जाऊन उभे राहत, धावत्या आगगाडीसमोर कॅमेरा लावत. समुद्राचे तुषार कॅमेऱ्यावर उडाले की काय होते, हा धडा त्यांनी तिथेच गिरवला असणार.

त्या वेळच्या कॅमेऱ्याचा ढाचा शिसवी-महोगनी लाकडाचा, कोपरे आणि खटके पितळेचे, स्क्रू आणि स्प्रिंगा पोलादाच्या, मधला भाता चामड्याचा, आणि हे सगळे सरसाने चिकटवलेले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. असे पाणी विजेचे चांगले वाहक. पितळ आणि पोलाद एकमेकांना लागून असतील आणि दोघांवर खारट पाण्याचा पातळ थर असेल, तर तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. तिच्यात पोलाद झिजते आणि गंजते. गंजू नये म्हणून धातूवर नैसर्गिकपणे बसणारा जो संरक्षक थर असतो, तोही मिठातला क्लोराइड फोडतो. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेते. हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ आपोआप पाझरू लागते. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे वाळलेला वाटणारा कॅमेरा आत रोज नव्याने ओला होत राहतो. आजच्या फोनमध्ये लाकूड-चामडे नाही, पण तांबे, निकेल, सोने आणि कथील एकमेकांपासून केसभर अंतरावर बसवलेले असतात आणि त्यांतून वीजही वाहत असते. म्हणून फोन खाऱ्या पाण्यात पडला की पहिले काम तो बंद करणे. चार्जिंगला लावून पाहणे ही सगळ्यात मोठी चूक.

1911 मध्ये डग्लस मॉसन अंटार्क्टिकाला मोहीम नेणार असल्याचे हर्ली यांनी ऐकले. ओळख नव्हती, वशिला नव्हता. मॉसन ज्या आगगाडीने जाणार होते तिच्या त्याच डब्यात हर्ली चढले आणि प्रवासभर त्यांना पटवत राहिले. काम मिळाले. मोहिमेचा तळ होता केप डेनिसन इथे. समुद्रसपाटीवरची पृथ्वीवरची सर्वांत वादळी जागा म्हणून तिची नोंद आहे. वर्षाची सरासरी धरली तरी वाऱ्याचा वेग ताशी 80 किलोमीटरच्या आसपास. तिथे माणूस सरळ उभा राहू शकत नसे, कॅमेऱ्याची तिकाटणी तर विचारूच नका. हर्ली यांनी तिथे चित्रे काढली, चित्रफीत काढली, आणि दक्षिण चुंबकीय ध्रुवाकडे गेलेल्या तुकडीबरोबर बर्फावरून शेकडो मैलांची पायपीटही केली. त्या चित्रपटाने त्यांचे नाव झाले आणि 1914 मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या मोहिमेत त्यांना बोलावणे आले. ‘एंड्युरन्स’ जहाज ब्यूनोस आयरीसला असताना ते त्यावर चढले.

पुढची हकीकत अनेकांना ठाऊक आहे. जानेवारी 1915 मध्ये वेडेल समुद्रात जहाज बर्फात अडकले आणि सुटलेच नाही. नऊ महिन्यांहून अधिक काळ माणसे त्या जहाजावर राहिली. सगळ्यांचे दिवस कंटाळ्यात जात होते, हर्ली यांना मात्र उसंत नव्हती. 27 ऑगस्टच्या रात्री, ध्रुवीय काळोखात, त्यांनी जहाजाभोवती ठिकठिकाणी मॅग्नेशियमच्या चूर्णाचे सुमारे वीस झोत उडवून जहाजाचे चित्र घेतले. दोर आणि डोलकाठ्या हिमाने पांढऱ्याफटक झालेल्या, मागे काळेभोर आकाश. भुताच्या जहाजासारखे दिसणारे हे चित्र आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कुठेतरी पाहिलेले असते.

चित्र घेणे सोपे, ते धुणे कठीण होते. काचेच्या प्लेटवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीचे क्षार. प्रकाश पडलेल्या जागी रसायनाने चांदीचे काळे कण मोकळे होतात, उरलेले क्षार दुसऱ्या रसायनाने काढून टाकायचे, आणि मग ती रसायने पूर्ण निघून जाईपर्यंत प्लेट स्वच्छ गोड्या पाण्यात धुवायची. ही शेवटची पायरी घाईने उरकली तर चित्र काही वर्षांत पिवळे पडून विटते. आता गोठलेल्या समुद्राच्या मधोमध गोडे पाणी आणायचे कुठून? बर्फ वितळवून. समुद्राचे पाणी गोठताना मीठ स्फटिकात मावत नाही, ते दाट खाऱ्या पाण्याच्या बारीक कप्प्यांत उरते आणि हळूहळू खाली झिरपून जाते. म्हणून ताजा समुद्रबर्फ खारट, पण वर्ष-दोन वर्षांचा जुना बर्फ पिण्याजोगा गोड. हिमनग तर मुळात पडलेल्या हिमाचेच, त्यांत मीठ नसतेच. पण असे मिळवलेले पाणी टाकीत पुन्हा गोठू पाहायचे आणि प्लेटा त्यातच अडकायच्या. पाणी कोमट ठेवत, बदलत, मग प्लेटा वाळायला शॅकल्टन यांच्या खोलीत मांडायच्या, कारण जहाजावर त्यातल्या त्यात सारखे तापमान तिथेच असे. रसायने आणि थंडी यांनी हर्ली यांच्या नखांभोवतीची कातडी फाटून बोटे सतत दुखत.

तयार झालेल्या प्लेटा पत्र्याच्या डब्यांत घालून झाकणाच्या सांध्यावर कथिलाचा डाग देऊन बंद केल्या जात. घरच्या तांब्या-पितळेच्या भांड्याला भोक पडले की पूर्वी दारावर येणारा कारागीर डाग देऊन जायचा, तेच काम. यात नवीन काही नव्हते, उष्ण प्रदेशांत पाठवायच्या प्लेटाही कारखान्यातून अशाच पत्र्याच्या डब्यांत येत. पण हा सांधा नीट बसला की पाणीच काय, वाफही आत जात नाही. रबराचे बूच थंडीत कडक होऊन आकसते, मेणाला चिरा पडतात, धातूचा सांधा टिकतो.

27 ऑक्टोबर 1915 रोजी बर्फाच्या दाबाने जहाज चिरडले गेले आणि सगळे खाली उतरले. ते लगेच बुडाले नाही, बर्फाने आवळून धरल्यामुळे अर्धवट तरंगत राहिले. शॅकल्टन यांचा हुकूम होता की प्रत्येकाने जवळपास दोन पौंड, म्हणजे किलोभराहूनही कमी, खासगी सामान ठेवायचे, बाकी टाकायचे. हर्ली यांचे वर्षभराचे काम त्या मोडक्या जहाजात, पाण्याखाली होते. 2 नोव्हेंबरला ते एका खलाशाला घेऊन परत गेले. जहाजाच्या शीतकोठीच्या जाड लाकडी भिंती कुऱ्हाडीने फोडल्या. पलीकडे चार फूट खोल, भुसभुशीत बर्फाचा चिखल मिसळलेले खारे पाणी. हर्ली यांनी अंगातले कपडे काढले आणि आत बुडी मारली.

समुद्राचे पाणी उणे 1.8 अंशाच्या आसपास गोठते, म्हणजे ते पाणी शून्याच्याही खाली होते. अशा पाण्यात उतरल्यावर माणसाला पहिला धोका गारठून मरण्याचा नसतो. पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा सुटतो, छाती आपोआप धापा टाकू लागते, आणि नेमके तेव्हा डोके पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जाते. हृदयाचे ठोकेही एकदम वाढतात. त्यातून वाचला तर काही मिनिटांत बोटांचे रक्त आटते आणि पकड जाते. अंगाचे आतले तापमान धोक्याइतके उतरायला त्याहून बराच वेळ लागतो. हर्ली यांनी चाचपडत डबे शोधले, एकेक करून वर दिले. उघडून पाहिले तेव्हा जवळजवळ सगळ्या प्लेटा शाबूत होत्या. डागाचे सांधे टिकले होते.

थंडीने इथे मदतही केली. जिलेटिन कोमट पाण्यात मऊ होऊन विरघळू लागते, थंड पाण्यात घट्ट राहते. गंजण्यासारख्या रासायनिक क्रियाही थंडीत मंदावतात. मुंबईच्या समुद्रात हेच डबे पडले असते आणि एखादा सांधा पाझरला असता, तर काचांवरचे थर एकमेकांना चिकटून लगदा झाला असता.

आठवड्याने, 9 नोव्हेंबरला, जे घडले ते बुडी मारण्यापेक्षा अवघड असावे. पुढचा प्रवास तीन छोट्या होड्यांतून करायचा होता आणि काच जड असते. शॅकल्टन आणि हर्ली बर्फावर बसले आणि दिवसभर एकेक प्लेट उजेडात धरून पाहत गेले. ठेवायच्या त्या एका बाजूला. नाकारलेली प्लेट तिथेच फोडायची, म्हणजे मन बदलले तरी परत घेता येणार नाही. सुमारे 400 प्लेटा फुटल्या. 120 उरल्या. त्या हर्ली यांनी पुन्हा डब्यात घालून पुन्हा डाग देऊन बंद केल्या. हे काम बर्फावर झाले याचा एक फायदा होता. उणे 20 अंशांच्या हवेत घनमीटरला जेमतेम एक ग्रॅम वाफ मावते, आपल्याकडच्या 30 अंशांच्या दमट हवेत तीस ग्रॅम. थंड हवा डब्यात कोंडली की आत ओल जवळजवळ नसतेच. आजही कॅमेऱ्याच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकतात त्या याचसाठी. पिशवी नुसती बंद करून भागत नाही, पावसाळी हवा आत कोंडली तर भिंगावर बुरशी हमखास येते. माझ्या कपाटातल्या एका भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उठली आहे, ती असल्याच हलगर्जीपणाची.

निगेटिव्हबरोबर चित्रपटाची रिळे आणि छापील चित्रांचा एक अल्बम वाचला. कॅमेरे मात्र सगळे बर्फावर सोडावे लागले. हर्ली यांनी फक्त खिशात मावणारा घडीचा छोटा कोडॅक आणि फिल्मचे तीन रोल जवळ ठेवले. 21 नोव्हेंबरला जहाज बुडाले.

एप्रिल 1916 मध्ये बर्फ फुटला, माणसे होड्यांत बसली आणि 15 एप्रिलला एलिफंट बेटावर पोचली. त्या सात दिवसांत लाटांचे पाणी होडीत येऊन अंगावर गोठत होते. इथून शॅकल्टन पाच जणांसह ‘जेम्स केअर्ड’ या होडीतून मदत आणायला निघाले. त्या होडीतले पाणी उपसायचा पंप हर्ली यांनी बनवला होता, जहाजाच्या होकायंत्राच्या धातूच्या नळकांड्यापासून. प्राण्यांची चरबी जाळणारी चूलही त्यांचीच, जहाजाच्या मोडक्या पत्र्याची. लिथगोच्या कारखान्याची ती कमाई.

मागे राहिलेले 22 जण दोन उलट्या होड्यांखाली चार महिने राहिले. त्यांच्यात ब्लॅकबरो नावाचा तरुण होता, हिमदंशाने त्याच्या डाव्या पायाची बोटे सडली होती. जूनमध्ये दोन डॉक्टरांनी ती कापायचे ठरवले. भुलीसाठी क्लोरोफॉर्म होते, पण एवढ्या थंडीत त्याची वाफच होईना. तेव्हा हर्ली चुलीजवळ बसले आणि पेंग्विनची कातडी एकामागून एक जाळत त्यांनी ती खोपटी तापवली. शस्त्रक्रिया झाली, मुलगा जगला. 30 ऑगस्ट 1916 रोजी चिलीचे ‘येल्चो’ जहाज आले आणि सगळे सुटले.

चिलीतल्या पुंता अरेनास शहरात उतरल्यावर हर्ली यांनी एका स्थानिक छायाचित्रकाराची अंधारखोली मागून घेतली. जहाज मोडण्याच्या सुमारास घेतलेल्या काही प्लेटा अजून धुतलेल्या नव्हत्या. जवळजवळ वर्षभराने त्या रसायनात पडल्या आणि उत्तम निघाल्या. छोट्या कोडॅकची फिल्म मात्र उतरली होती, कशीबशी छापण्याजोगी. न धुतलेल्या फिल्मवरचे अदृश्य चित्र वेळ आणि ओल यांनी फिके पडत जाते. खिशातल्या रोलला कथिलाचे कवच नव्हते.

नंतरचे आयुष्यही मोठे आहे, पण ते थोडक्यात. 1917 मध्ये हर्ली ऑस्ट्रेलियन सैन्याचे अधिकृत छायाचित्रकार म्हणून पश्चिम आघाडीवर गेले. चिखलात बुडालेल्या ईप्रच्या रणांगणाची त्यांची चित्रे आजही अंगावर येतात. 1918 मध्ये कैरोत त्यांनी एका ऑपेरा गायिकेशी लग्न केले, ओळख झाल्यावर थोड्याच दिवसांत. पुढे पापुआचे दमट जंगल, मॉसन यांच्याबरोबर पुन्हा अंटार्क्टिका, दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्व, आणि म्हातारपणी ऑस्ट्रेलियाच्या चित्रांची पुस्तके. 16 जानेवारी 1962 रोजी सिडनीत ते वारले. शेवटपर्यंत कॅमेरा खाली ठेवला नव्हता.

एक गोष्ट वगळली तर हा लेख खोटा ठरेल. एका चौकटीत सगळे युद्ध मावत नाही म्हणून हर्ली अनेक निगेटिव्ह जोडून एकच चित्र बनवत. एका प्रसिद्ध चढाईच्या चित्रात बारा निगेटिव्ह आहेत. युद्धाचा इतिहास लिहिणारे चार्ल्स बीन यांना ही सरळ बनवेगिरी वाटली आणि दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. मला बीन यांची बाजू पटते. एलिफंट बेटावरून सुटकेचे म्हणून वर्षानुवर्षे छापले गेलेले चित्रही सुटकेचे नाही. ‘जेम्स केअर्ड’ होडी 24 एप्रिलला निघाली तेव्हाचा तो क्षण, मदत मागायला जाणाऱ्यांना निरोप देणारी माणसे. हर्ली यांनी त्यात फेरफार करून ती येणाऱ्या जहाजाला हात हलवणारी माणसे केली.

वाचलेल्या निगेटिव्ह आता लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत, केंब्रिजच्या ध्रुवीय संशोधन संस्थेत आणि सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्य ग्रंथालयात आहेत. 5 मार्च 2022 रोजी ‘एंड्युरन्स’चा सांगाडा वेडेल समुद्राच्या तळाशी, 3008 मीटर खोल सापडला. तिथे लाकूड खाणारे किडे नाहीत, त्यामुळे जहाजाच्या मागच्या बाजूचे नावही वाचता येते. हर्ली यांच्या चित्रांशी ताडून पाहिले तर जहाज ओळखायला अडचण पडत नाही. समुद्राने आणि मिठाने त्या काचांचे फारसे काही बिघडवले नाही. निरोपाच्या त्या निगेटिव्हवर होडीचा भाग मात्र खरवडून काढलेला आहे, आणि ते खरवडणारा हात हर्ली यांचाच होता.